‘हा मजूर महाग आहे’ : डहाणू-तलासरीतील मजुरीच्या भावाची कहाणी (१९४५-४७)

१/ नोकरीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : ‘आधीच्या ठिकाणी पगार किती होता?’ आकडा लहान असेल तर नवा पगारही त्याच्याच आसपास बेतला जातो. आकडा मोठा असेल तर ‘आम्हाला परवडणार नाही’, ‘तुम्ही इथे टिकणार नाही’ असे सांगून उमेदवाराला परत पाठवले जाते. दोन्ही वेळा मोल ठरते ते कालच्या कामाच्या किमतीवरून, समोरच्या कामावरून नव्हे. या प्रश्नाचा एक जुना आणि रक्तरंजित अध्याय आजच्या पालघर जिल्ह्यात घडला आहे. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/ प्रथम भूगोल. १९४५ साली पालघर जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. तलासरी हा तेव्हा स्वतंत्र तालुका नव्हता, तो उंबरगावचा भाग होता. १९६० मध्ये राज्याची विभागणी झाली, तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीचा पट्टा महाराष्ट्रात राहिला. पश्चिमेला समुद्र आणि मुंबईकडे जाणारी रेल्वे, पूर्वेला डोंगर, साग आणि गवताचे माळ. या भूमीवर बहुसंख्येने राहणारे वारली कष्टकरी. जमीन आणि जंगलाचा ठेका मात्र बाहेरून आलेल्या जमीनदार-सावकारांच्या व ठेकेदारांच्या हाती.

३/ १९३५ च्या भारत सरकार कायद्यान्वये डहाणू तालुका आणि उंबरगाव पेटा ‘अंशतः वगळलेल्या’ प्रदेशांत मोडत. अशा प्रदेशांतील आदिवासींच्या स्थितीची पाहणी मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोपवली. त्यांचा अहवाल १९३९ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. तो एका ब्रिटिश नोकरशहाने लिहिला आहे, कोणा चळवळ्याने नव्हे, हे ध्यानात ठेवावे. कारण त्यातील नोंदी चळवळीच्या पत्रकांइतक्याच दाहक आहेत.

४/ सिमिंग्टन वेठीचे वर्णन करतात. जमीनदाराला लागतील तितके दिवस कुळाने त्याच्याकडे राबायला जायचे. नकार दिला किंवा उशीर केला तर मार खायचा. या कामाचा जास्तीत जास्त मोबदला दिवसाला एक आणा. बहुधा तोही नाही, केवळ एका माणसाच्या एका जेवणापुरता तांदूळ. (तरुण वाचकांसाठी : एक रुपया म्हणजे सोळा आणे.)

५/ वेठीच्या जोडीला दोन बेड्या आणखी होत्या. पहिली ‘खावटी’ : पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून दाणे उचलायचे आणि पीक हाती आले की वाढीसह फेडायचे. दुसरी ‘लग्नगडी’ : लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी तरुणाने सावकाराच्या दारी राबायचे, पुष्कळदा त्याच्या पत्नीनेही. हिशेबाची वही सावकाराची, लिहिणारा सावकार, वाचणाराही तोच. त्यामुळे कर्ज कधी फिटले हे ठरवणाराही तोच.

६/ आता या व्यवस्थेकडे ‘आधीचा पगार’ या दृष्टीने पाहू. एका पिढीने एक आण्यावर काम केले की दुसऱ्या पिढीची किंमतही एक आणाच ठरते. ‘वारल्याचा भाव’ हा त्याच्या कौशल्याचा भाव नव्हता. गवत कापणे, साग तोडणे, ओंडके ओढून खाली आणणे, भाताची लावणी-कापणी करणे या कामांवाचून जमीनदाराची तिजोरी भरत नसे. तरीही भाव एक आणा. कारण काल तो एक आणा होता. सक्तीने ठरलेली किंमत काही वर्षांनी ‘रीत’ म्हणून मिरवू लागते. मग ती बदलण्याची भाषा करणारा उद्धट ठरतो.

७/ दुसऱ्या महायुद्धाने हा हिशेब आणखी असह्य केला. युद्धाच्या सहा वर्षांत मुंबईतील राहणीमानाचा खर्च दुपटीहून अधिक वाढला. धान्य, कापड, रॉकेल सारेच कडाडले. माळावरचे गवत आणि जंगलातले लाकूड रेल्वेने मुंबईकडे जातच होते. माल बाजाराच्या भावाने विकला जात होता, मजूर मात्र रूढीच्या भावाने राबत होता.

८/ जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र प्रांतिक किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य तिच्या संघटनेत अग्रभागी होते. पुण्यात वाढलेल्या आणि कायद्याची पदवी घेतलेल्या गोदावरीबाई उंबरगाव-डहाणूच्या पाड्यांवर पायी हिंडल्या होत्या. या भागातून काही वारलीही टिटवाळ्याला आले, त्यांत माह्या धांगडा होते. हजारो शेतकऱ्यांसमोर उभे राहून आपली दशा सांगण्याचा प्रसंग त्यांच्यावर प्रथमच आला होता. पुढे गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ही सारी वर्षे नोंदवली. त्या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

९/ २३ मे १९४५. तलासरीजवळील झरी गावी वारल्यांची परिषद झाली. सुमारे पाच हजार माणसे जमली. ठराव मोजके होते. वेठ करायची नाही. कोणी अंगावर हात टाकला तर सोसायचा नाही. सर्वांनी एक राहायचे. आणि जमीनदाराच्या खासगी जमिनीवर राबायचे तर दिवसाला बारा आणे रोख घ्यायचे. पाठोपाठ गावोगाव लग्नगड्यांना मुक्त करण्याची मोहीम सुरू झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ही दास्यप्रथा अल्पावधीत कोसळली.

१०/ बारा आण्यांच्या मागणीकडे मालकाच्या नजरेतून पाहा. काल जो एक आण्याला मिळत होता, तो आज बारा आणे मागतो, म्हणजे बारापट! या गणिताने वारली ‘महाग’ झाला. वाढलेली महागाई आणि गवताला मुंबईत मिळणारा पैसा यांच्याशी ताडून पाहिले तर बारा आणे ही चैन नव्हती. ‘महाग’ हा शब्द नेहमी कशाच्या तरी तुलनेत उच्चारला जातो. ती तुलना कशाशी करायची हे कोण ठरवतो, यात खरे राजकारण आहे.

११/ खरी कसोटी आली ऑक्टोबरमध्ये. पावसाळा सरला की माळावरचे गवत तयार होते. ते वेळेत कापले तर चारा, नाही तर वाळून मातेरे. ही कापणी उक्ती असे, म्हणजे दिवसावर नव्हे तर वजनावर मजुरी. किसान सभेची मागणी : पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे. एका आण्यासाठी साडेबारा पौंड, म्हणजे साडेपाच किलोहून अधिक गवत कापायचे. मागणी ‘अवाजवी’ होती का, हे प्रत्येकाने स्वतःच ठरवावे.

१२/ जमीनदारांनी नकार दिला आणि कापणी थांबली. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एकट्या वारल्याने अडीच रुपये मागितले असते तर काय झाले असते? त्याला हाकलून शेजारच्या पाड्यावरून दुसरा आणला असता. ‘तू परवडत नाहीस’ हे वाक्य एकट्या माणसापुढेच परिणामकारक ठरते. ते उच्चारणाऱ्याला स्वस्त पर्याय हाताशी आहे हे ठाऊक असते. पाड्यापाड्यांतून एकच दर निघाला, तेव्हा तो पर्याय नाहीसा झाला. मालकापुढे प्रश्न उरला तो इतकाच : गवत कापून घ्यायचे की वाळू द्यायचे?

१३/ पण मजुराच्या बाजूनेही घड्याळ चालू होते. वारल्याच्या घरी साठा नसे. पावसाळ्यात खावटीवर दिवस काढलेले, भात अजून पुरते हाती आलेले नाही. संपाचा एकेक दिवस म्हणजे चुलीवरचा एकेक उपवास. मालकाचे नुकसान माळावर वाळत होते, मजुराचे नुकसान घरात रडत होते. ‘कमी घेऊन कामावर जाऊ का?’ हा प्रश्न बेकारीच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोणत्याही माणसाला पडतो. तोच प्रश्न येथे हजारो घरांत एकाच वेळी पडलेला होता.

१४/ १० ऑक्टोबर १९४५. गोदावरीबाई तलवाडा येथे येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, तेव्हा सर्वांनी तेथे जमावे, असा खोटा निरोप जमीनदारांच्या हस्तकांनी पाड्यापाड्यांवर पसरवला, असे किसान सभेच्या बाजूची माणसे सांगत आली आहेत. हजारो वारली जमले. बाई आल्या नाहीत, पोलीस आले. जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच वारली ठार झाले. आजही १० ऑक्टोबर हा दिवस या भागात हुतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळला जातो.

१५/ गोळीबारानंतर सभांवर बंदी आली. आता माणसे घाबरून जुन्या दराने कामाला जातील, असा अंदाज कोणी बांधला असेल तर तो चुकला. संप चालूच राहिला. हंगाम हातचा जाऊ लागला तसे जमीनदार नमले आणि अडीच रुपयांचा दर त्यांना मान्य करावा लागला. कालपर्यंत ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्यांना तो परवडला. गवत कापले गेले.

१६/ आता कथेचे सर्वांत बोधप्रद वळण. १९४६ मध्ये मागणी पुढे सरकली : जंगलकामासह सर्व कामांना किमान रोज सव्वा रुपया, म्हणजे वीस आणे. आधीच्या वर्षीच्या गवताच्या दराशी हे ताडून पाहा. पाचशे पौंडांना चाळीस आणे, तर अडीचशे पौंडांना वीस. म्हणजे अडीचशे पौंड गवत कापणाऱ्याला जे मिळायचे तेच दिवसभर कुऱ्हाड चालवणाऱ्याला मिळावे. सक्तीचा एक आणा हा आता मजुराचा ‘आधीचा पगार’ उरला नव्हता. त्याने स्वतः झगडून मिळवलेला दर नव्या वाटाघाटीचा आधार झाला होता.

१७/ या वेळी समोर होते लाकडाचे ठेकेदार. पावसाळ्यानंतर कुपांची तोड सुरू होते. सरकारकडून कूप विकत घेणाऱ्या ठेकेदाराचे भांडवल त्यात अडकलेले असते. झाड उभे राहिले तर पैसाही उभाच राहतो. महिन्याहून अधिक काळ संप चालला. अखेर १० नोव्हेंबर १९४६ रोजी महाराष्ट्र टिंबर मर्चंट्स असोसिएशनने किसान सभेशी बोलणी करून सव्वा रुपयाचा किमान रोज मान्य केला. ज्यांना मोजण्याची कोणाला गरजही वाटत नव्हती, त्या माणसांशी व्यापाऱ्यांच्या संस्थेला करार करावा लागला. त्याचे मोल पैशाहून मोठे होते.

१८/ विजय निर्वेध नव्हता. प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते, गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे. सरकारने परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केले, अनेक वारली तुरुंगात गेले. ७ जानेवारी १९४७ रोजी नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला आणि आणखी पाच माणसे मरण पावली. परदेशी राजवट जाण्याच्या उंबरठ्यावर, लोकांनी निवडून दिलेल्या सरकारच्या काळात, मजुरीच्या भावासाठी माणसे मारली गेली. हा अध्याय वाचताना कोणत्याही एका पक्षाचा चष्मा पुरेसा पडत नाही.

१९/ तरी त्याच सरकारने एक निराळे पाऊलही उचलले. १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या उभ्या राहू लागल्या. कूप ठेकेदाराला देण्याऐवजी तोडणाऱ्या मजुरांच्याच सोसायटीला द्यायचा, ही त्यामागची कल्पना. या सोसायट्यांचा पुढचा प्रवास संमिश्र आहे, त्यावर स्वतंत्र धागा व्हावा. पण तिच्यातील कबुली महत्त्वाची : मजुराला सव्वा रुपया देऊनही लाकूड विकले जाऊ शकते, फक्त मधल्याचा वाटा कमी करावा लागतो. पाठोपाठ १९४८ मध्ये किमान वेतन कायदा आला. वेठबिगारीचे निर्मूलन करणारा देशव्यापी कायदा यायला मात्र १९७६ साल उजाडले.

२०/ आता याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहू, तीही फार दूरची नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत. संप विरला, गिरण्या पुढे एकेक करून बंद होत गेल्या आणि कापडाचे काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे सरकले. तेथे ना कायम नोकरी, ना भविष्यनिर्वाह निधी, ना गिरणीइतका पगार. कापड विणण्यात आयुष्य घालवलेला कामगार आता कापडाच्याच धंद्यात महागडा ठरला. पूर्वीचा पगार, वय आणि लढाऊ युनियनची पार्श्वभूमी हे तिन्ही त्याच्याविरुद्ध मोजले गेले.

२१/ डहाणूचा वारली आणि परळ-लालबागचा गिरणी कामगार यांची तुलना जपून करावी. एकाला कालच्या कमी मजुरीने बांधले, दुसऱ्याला कालच्या जास्त मजुरीने बाहेर ठेवले. पण यंत्रणा एकच आहे. पगाराचा इतिहास मालकाच्या हाती हत्यार होतो, कारण प्रत्येक उमेदवार आपला इतिहास एकटाच घेऊन त्याच्यासमोर बसतो. वारल्यांचा सामायिक दर टिकला, कारण त्यांच्या पाठीमागे स्वस्त पर्याय उरला नव्हता. गिरणी कामगारांच्या पाठीमागे यंत्रमागांचा पर्याय उभा राहिला आणि अडीच लाखांची एकजूटही अपुरी पडली.

२२/ जगात या हत्याराची धार बोथट करण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये कायदा केला : नोकरीचा प्रस्ताव आणि पगार ठरण्यापूर्वी उमेदवाराला त्याचा आधीचा पगार विचारायचा नाही. तो २०१८ मध्ये लागू झाला; कॅलिफोर्नियातही त्याच वर्षापासून असा मज्जाव आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशातही ही मनाई आहे. मुख्य युक्तिवाद स्त्रियांच्या बाजूने होता : पहिल्या नोकरीत भेदभावाने कमी पगार मिळाला तर तो पुढच्या प्रत्येक नोकरीत पाठलाग करतो. सिमिंग्टनने नोंदवलेला एक आणा असाच पिढ्यान्‌पिढ्या पाठलाग करीत आला होता. भारतात अशी सर्वसाधारण कायदेशीर मनाई नाही. येथे मागील तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागणे हा नित्याचा भाग आहे.

२३/ आणि आजचे डहाणू-तलासरी? १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि मोठ्या उद्योगांवर मर्यादा आल्या. निसर्गासाठी ते हिताचे झाले; पण कारखान्यातील रोजगार शोधणारी तरुण मुले सीमेपलीकडे वापी आणि उंबरगावच्या औद्योगिक वसाहतींकडे जातात. हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मजूर नाक्यावर सकाळी उभ्या असलेल्या माणसाला पगारपावती कोणी विचारत नाही. काल किती घेतलेस, एवढेच विचारतात. आणि शेजारचा कमी घ्यायला तयार असेल तर तो पुढे, हा मागे.

२४/ म्हणून झरीचा ठराव मला आजही महत्त्वाचा वाटतो. कोणाला काल किती मिळाले याची चौकशी तेथे जमलेल्या पाच हजार माणसांनी केली नाही. कोणी एक आणा घेत होता, कोणी मूठभर तांदूळ, लग्नगड्याला तर तेही हक्काचे नव्हते. काल जो शून्यावर राबला त्याचीही किंमत बारा आणे, काल ज्याला थोडे अधिक मिळाले त्याचीही बारा आणे. दर कामाला लावला, माणसाच्या भूतकाळाला नाही. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके न वाचलेल्या माणसांनी मजुरीच्या प्रश्नातला नेमका सांधा ओळखला होता.

२५/ पुढच्या मुलाखतीत ‘आधी किती मिळत होते?’ असे कोणी विचारले, तर निदान एवढे ओळखावे की हा प्रश्न निरुपद्रवी नाही. त्याचे खरे उत्तर दुसऱ्या प्रश्नात असते : या कामाचे मोल किती, आणि ते ठरवणार कोण? झरीत त्याचे उत्तर लोकांनी सभेत दिले. तलवाडा आणि नानिवलीत त्याची किंमत मोजली.

धागा समाप्त. तलासरी, डहाणू, विक्रमगड, जव्हार परिसरातील वाचकांना एक विनंती : आपल्या घरी किंवा पाड्यावर ‘बारा आणे’, ‘सव्वा रुपया’ किंवा लग्नगडीच्या आठवणी सांगणारी वडीलधारी माणसे असतील तर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवा. सावकारांच्या वह्यांत सावकारांचाच हिशेब आहे. मजुरांचा हिशेब अजून पुष्कळसा स्मरणातच आहे. पुढील धागा : जंगल कामगार सोसायट्यांचा उदय आणि ऱ्हास.